बारवेची चव्वेचाळिसावी पायरी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते आपोआप जीपच्या सीटखाली जातात. आपण वाकून पेन शोधत असतो, पेन काही हाताला लागत नाही. मग दोन-तीन वर्षांनी कुणीतरी जीप विकायला काढतं आणि पेनाबरोबर बाकीचंही सगळं बाहेर येतं.

गेल्या महिन्यात फौजी काकांनी जीप विकली. विकायच्या आधी सीट काढून झाडली आणि खाली जे निघालं त्याचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकला. मोजणीच्या टेपचा तुटलेला तुकडा. माझ्या केसांचे दोन क्लिप. कदम सरांच्या चष्म्याची एक काडी. कागदाच्या पुडीत सात-आठ वाळकी बोरं. आणि पुरुषाचा एक काळा मोजा, चांगल्यातला.

खाली काकांनी लिहिलं होतं, "मोजा ज्याचा असेल त्यानं घेऊन जावा."

ग्रुपवर आम्ही चौघंच. मोजा कुणाचा ते चौघांनाही माहीत. मी साताऱ्याच्या ऑफिसात बसून तो फोटो मोठा करून करून पाहत होते. मागून शिपाई नुसता "चहा" म्हणाला तर अशी दचकले की कप त्याच्या हातातून पडता पडता राहिला.

ही चौघं म्हणजे कोण ते आधी सांगते. म्हसवडच्या पुढे, माळावर, एक जुना मोठा तलाव आहे. त्याच्या काठाला सात-आठ गावं. त्या गावांत सरकारनं 'संरक्षित' म्हणून जाहीर केलेली जी स्मारकं आहेत त्यांची अवस्था पाहायची, आणि जाहीर व्हायची राहून गेलेली जुनी ठिकाणं शोधून त्यांचे फॉर्म भरायचे, असं काम कदम सरांना मिळालं होतं. सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. मी त्यांची विद्यार्थिनी, सांगलीची, एम.ए. होऊन घरी बसलेली. जीप माने काकांची. ते सुभेदार म्हणून रिटायर झाले होते, रहिमतपूरकडे घरचा ऊस होता, पण घरात करमेना म्हणून आमच्याबरोबर. त्यांना सगळे फौजीच म्हणायचे. आणि चौथे रसूलचाचा, ग्रुपवर सुनेच्या फोनवरून. ते पुढे येतात.

* * *

पहिल्याच दिवशी पहिल्याच देवळात मी ओरडले.

गाभाऱ्याच्या दारात उभी राहून मी टॉर्च लावला आणि आतून वटवाघळांचा अख्खा थवा माझ्या डोक्यावरून गेला. मी टॉर्च टाकला, फॉर्म टाकले, आणि बाहेर पळताना कपाळ चौकटीवर आपटून घेतलं. फौजी काका जीपमधून उडी मारून धावत आले. माझ्या किंकाळीमुळे शेजारच्या शेतातून चार माणसं आली. एकाच्या हातात कोयता होता.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही सर. वटवाघळं."

कोयतेवाला माझ्याकडे बघत म्हणाला, "ती रोजचीच हायती. तुमी नव्या हाय."

त्यानंतर फौजी काकांनी एक पद्धतच पाडली. कुठल्याही जुन्या जागेत मी शिरायच्या आधी ते पुढे जायचे, काठीनं उंबऱ्यावर तीनदा ठोकायचे आणि आत तोंड करून खड्या आवाजात म्हणायचे, "आत जे कोण असंल त्यांनी बाहेर यावं. मॅडम येतायत."

बहुतेक वेळा पारवे निघायचे. एकदा मांजर निघाली. आणि एकदा, काठावरच्या एका पडक्या धर्मशाळेतून, घोंगडी खांद्यावर टाकून एक म्हातारे बाबा डोळे चोळत बाहेर आले. ते कोण, कुठले, हे आम्ही विचारलंच नाही. ते आमच्यासमोर थांबले, हात जोडले आणि म्हणाले, "व्हय, निघालो. कोर्टाचा माणूस कवा तरी येणार ह्ये मला ठावं व्हतंच."

* * *

बोरजाई हे तलावाच्या अगदी शेवटच्या टोकाचं गाव. तिथं रस्त्याला लागून एक बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. काळ्या दगडाची, एकाच बाजूनं उतरायची, वरून बघितलं तर कुणी जमिनीत जिना विसरून गेल्यासारखी.

रसूलचाचा तिची राखण करायचे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. घराणं गवंड्यांचं, खालच्या काही पायऱ्या त्यांच्या आजोबांनी नव्यानं बसवल्या होत्या, तेव्हापासून ते काम घरात आलं ते आलंच. चाचा रोज सकाळी पाला काढायचे, शेवाळ खरवडायचे. गुरुवारी बायका कोनाड्यातल्या देवीला दिवा लावायला खाली उतरायच्या, तेव्हा वर काढून ठेवलेल्या त्यांच्या चपलांची तोंडं चाचा एकेक करून रस्त्याकडे वळवून ठेवायचे. वर आल्यावर पाय सरळ चपलेत जावा म्हणून.

आम्ही गेलो तेव्हा बारवेच्या कडेला लाल-पांढऱ्या रंगाची खुट्टी रोवलेली होती. रस्ता रुंद होणार होता. खुट्टीपर्यंत डांबर येणार, म्हणजे बारव बुजणार. बारव संरक्षित म्हणून जाहीर झाली तरच रस्ता वळणार होता. गावातल्या कुणालाच नक्की माहीत नव्हतं की काम कधी सुरू होईल. चाचांना तर कुणी विचारलंही नव्हतं.

त्या खुट्टीला चाचांची शेळी बांधलेली होती.

सर म्हणाले, "चाचा, ही सरकारी खूण आहे. मोजणीची."

"व्हय. लय घट्ट रवलीय," चाचा म्हणाले. "आमच्याच्यानं येवढी घट्ट बसली नसती."

सरांचे गुडघे दुखायचे, ते वर थांबले. मी आणि फौजी काका उतरलो. चाचा माझ्या पुढे, पायांत काही न घालता, ओठातल्या ओठात पायऱ्या मोजत. मी स्पोर्ट्स शूज घालून, नाड्यांना डबल गाठी मारून, दोन्ही हात भिंतीला लावत. कारण अर्ध्यावर असतानाच पाण्यात काहीतरी वळवळलं होतं.

"दिवड हाय," चाचा मागे न बघता म्हणाले. "इखारी न्हाई. मॅडम, तुमी भ्यालात तर ती बी भिईल. मग तिला कोण समजावणार?"

खाली पोचल्यावर मी फॉर्ममध्ये लिहिलं, पायऱ्या : चव्वेचाळीस.

"त्रेचाळीस," चाचा म्हणाले.

मी वर जाताना पुन्हा मोजल्या. चव्वेचाळीस. फौजी काकांनी मोजल्या, कवायतीसारख्या, मोठ्यानं. चव्वेचाळीस. वर सरांनी फोटोवर पेन टेकवत टेकवत मोजल्या. चव्वेचाळीस.

"चाचांचं वय झालंय," सर हळूच मला म्हणाले. "आपण आपलं खरं ते लिहू."

चाचांना ऐकू गेलं असावं. ते शेळीला म्हणाले, "चल गं. आपल्याला मोजता येत न्हाई."

* * *

कदम सर शिस्तीचे. कुठल्याही गावात जायच्या आधी ते ग्रामपंचायतीला पत्र टाकायचे : 'आपल्या गावातील वीरगळ पाहण्यासाठी आमची टीम येत आहे.' वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. त्या भागात पावलोपावली आहेत, कुणी त्यावर कपडे धुतं, कुणी म्हैस बांधतं.

एका गावानं हे पत्र फार मनावर घेतलं.

आम्ही पोचलो तर वेशीत मांडव. सरांना फेटा. मला नारळ. आणि मांडवाखाली वीरगळ, नखशिखांत ऑइल पेंटनं रंगवलेला. शाळेच्या भिंती रंगवणाऱ्या पेंटरनं रात्रंदिवस खपून केलेलं काम होतं. वीराचे गाल गुलाबी, मिशी काळीभोर. त्या गावातून घरटी एक माणूस सैन्यात, त्यामुळे वीराच्या अंगावर हिरवा गणवेश आणि बाहीवर पिवळ्या फिती. ढाल तेवढी तशीच ठेवली होती.

सर खुर्चीवर बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दगड तसाच होता. चष्म्याची काडी मोडली ती तेव्हाच.

सरपंच घाबरले. "सर, काय चुकलं का?"

सर मोडकी काडी चष्म्याला लावून बघत होते. मला तर अशा वेळी फक्त घाम येतो. शेवटी फौजी काका पुढे झाले. दगडासमोर सावधान उभे राहिले, वरून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली.

"चुकलंय," ते म्हणाले. "रँक चुकलीय. दोन फिती म्हंजे नाईक झाला. येवढा मोठा दगुड, आणि माणूस नाईक? ह्यो निदान सुभेदार तरी असणार."

आम्ही रंग कसा काढायचा ते समजावून, लेखी देऊन निघालो. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. रंग होता तसाच होता. फक्त फिती पुसून खांद्यावर तारे काढले होते.

* * *

फॉर्ममध्ये एक रकाना होता : 'स्मारकाचा सध्याचा वापर.' हा रकाना भरायचं काम माझं, कारण सरांच्या मते बायका माझ्याशी मोकळं बोलतील.

एका मंडपात एक आजी मिरच्या वाळत घालून बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले.

"आजी, ह्या मंडपाचा वापर कशासाठी होतो?"

"बसायला."

"बसून काय करतात?"

"बसत्यात."

मी लिहिलं, 'सामुदायिक वापर.' मग मी त्यांना नीट समजावलं की ही जागा जुनी आहे, मोलाची आहे, सरकार हिला आता संरक्षण देणार आहे. निळा बोर्ड लागेल. खिळा ठोकायचा नाही, चूल पेटवायची नाही, मिरच्या वाळवायच्या नाहीत.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मिरच्यांवरून हात फिरवत म्हणाल्या, "संरक्षण कुणापासनं गं?"

मी सरांकडे पाहिलं. सर फॉर्ममध्ये काहीतरी शोधत होते.

"न्हाई, आमी हितं पयल्यापासनंच हाय," आजी म्हणाल्या. "नवी आलेली तूच दिसतीयास."

* * *

आईचा फोन रोज अकराला यायचा. सांगलीहून. मी जेवले का, पाणी उकळून प्यायले का, आणि 'एकटीच कुठं आत शिरू नकोस.'

एकदा मी एका जुन्या दर्ग्याच्या आवारात होते. आत मौलवी दुआ मागत होते म्हणून मी कुजबुजत म्हणाले, "आई, मी कबरीजवळ आहे. नंतर बोलते." आणि तलावाकाठी नेहमी होतं तेच झालं. रेंज गेली.

आईनं सरांना फोन लावला, लागला नाही. फौजी काकांना लावला, लागला नाही. तिसरा नंबर मी तिला अडीअडचणीला म्हणून देऊन ठेवला होता, तो बोरजाईचा, चाचांच्या सुनेचा. तो लागला. सुनेनं तो चाचांना दिला.

आई रडवेली. "आमची गौरी कुठं आहे हो? कबरीजवळ म्हणाली आणि फोन बंद."

चाचांनी शांतपणे विचारलं, "कबर कुणाची म्हणाली?"

"ते नाही सांगितलं."

"मग ती बघायला गेलीया. ऱ्हायला गेली असती तर नाव सांगितलं असतं."

आईनं हे मला संध्याकाळी सांगितलं तेव्हा आधी ती रागावली होती आणि मग हसत सुटली होती. पुढच्या सोमवारी माझ्या पिशवीत तिनं चाचांसाठी सांगलीची हळद आणि भडंगाची पुडी घातली. चाचांनी परत बोरं पाठवली. मग हे दर आठवड्याला सुरू झालं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. पण आईला बारवेचं पाणी किती खाली गेलं ते माहीत असायचं, आणि चाचांना आमच्या गच्चीवर या वर्षी कसले पापड झाले ते.

"चाचांच्या विहिरीचं झालं का काही?" हा आईचा 'जेवलीस का'नंतरचा दुसरा प्रश्न झाला. मी "होईल" म्हणायचे. सीटखाली जी बोरं सापडली ती त्यातलीच कुठल्यातरी सोमवारची.

* * *

झालं मात्र भलतंच.

बारवेची फाइल वर गेली. वरून विचारणा आली की बारव जुनी असल्याचा लेखी पुरावा जोडा. कदम सर दोन महिने घरोघरी जुनी दप्तरं चाळत फिरले. शेवटी पाटणच्या एका घरात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, त्यांना मोडीतला एक कागद मिळाला. बोरजाईची बारव, काळा दगड, कोनाड्यात देवी. कुणा कारकुनानं जागेवर येऊन केलेलं वर्णन. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या घरात पाहुण्यासारखं जेवून, त्याच दिवशी कागद वर पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'जुन्या कागदात पायऱ्या त्रेचाळीस, प्रस्तावात चव्वेचाळीस. सदर बारव तीच असल्याची खात्री होत नाही. खुलासा करावा.'

सरांनी पत्र मला वाचायला दिलं. फॉर्मवर अक्षर माझं. सही माझी.

"कागद आणि चाचा एकच बोलतायत," सर म्हणाले. "म्हणजे चुकतोय ते आपण. पण गौरी, फोटोत चव्वेचाळीस आहेत. मी भिंग लावून पाहिलं."

फौजी काका म्हणाले, "मॅडम, घाबरू नका. आमच्याकडं नियम असतो. शंका आली की परत मोजायचं."

परत मोजायला गेलो. काकांनी बूट आपटत मोजल्या. चव्वेचाळीस. मी प्रत्येक पायरीवर खडूनं आकडा घातला. चव्वेचाळीस. चाचा उतरले आणि वर आले. त्रेचाळीस.

सर फार जपून म्हणाले, "चाचा, आजोबांनी दुरुस्तीच्या वेळी एखादी पायरी वाढवली असेल का?"

चाचांचा चेहरा बदलला. "माझ्या आजानं जितक्या काढल्या तितक्याच बसवल्या. गवंडी हाय आमी. येक जास्तीची तुमी कुठनं आणली ते तुमीच बघा."

"चाचा, आजोबांनी लपवून एक घातली असंल," फौजी काका चेष्टेत म्हणाले.

चेष्टा करायची ती वेळ नव्हती. थोड्या वेळानं घरून चहा आला, नेहमीसारखा, चौघांना चार कप. माझ्या चहात साखर होती. सरांच्या होती. फौजी काकांनी पहिला घोट घेतला आणि कप हातात तसाच धरून बसले.

"काय झालं काका?"

"काय न्हाई," ते म्हणाले. "कोर्ट मार्शल झालं."

पुढचे सहा आठवडे त्यांना बिनसाखरेचाच मिळाला. त्यांनी दर वेळी संपवला.

परत येताना जीपमध्ये मी मनात हिशेब करत होते की माझ्या एका आकड्यावरून एखादी विहीर बुजते तेव्हा ती किती दिवसांत बुजते. आईनं फोनवर विचारलं, चाचांच्या विहिरीचं झालं का? मी रेंज गेल्यासारखं केलं.

* * *

खुलासा पुरेना म्हणून वरून साहेब स्वतः तपासणीला आले.

विदर्भातले. कमी बोलणारे. करड्या रंगाची पँट, काळे चकचकीत बूट. म्हसवडपासून आमच्याच जीपमध्ये बसले. सरांनी बारवेच्या काळाबद्दल, दगडाबद्दल, कारकुनाच्या अक्षराबद्दल सांगायला सुरुवात केली. साहेबांनी खिडकीबाहेर बघत ऐकलं आणि म्हणाले, "कदम सर, मी एकच गोष्ट बघायला आलोय. आकडा कागदाशी जुळला तर आज सही करतो. नाही जुळला तर फाइल आजच बंद. रस्त्याचे लोक मला रोज फोन करतायत."

फौजी काकांनी तेवढ्या वाक्यापुरती जीप हळू केली, मग पुन्हा नेहमीच्या वेगानं घेतली. मी मागच्या सीटवर फॉर्म मांडीवर घेऊन बसले होते. 'चव्वेचाळीस'वर अंगठा ठेवून.

बोरजाईला पोचलो. पाऊस चांगला झाला होता, बारवेत पाणी चढलेलं. खुट्टी होती तिथंच. शेळीही. साहेबांनी खुट्टी पाहिली, शेळी पाहिली, काही लिहिलं नाही. चाचा स्वच्छ पांढरा सदरा घालून बारवेच्या कडेला उभे होते. त्यांनी सलाम केला. साहेबांनी हात जोडले. चाचांना सर सकाळीच सांगून बसले होते की आज काही बोलायचं नाही.

साहेब वरच्या पायरीवर आले आणि थांबले. खाली कोनाडा दिसत होता, त्यात कुणीतरी सकाळी ठेवलेलं जास्वंदीचं फूल. साहेब वाकले. बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून तिथंच पायरीवर ठेवले. मोजेही काढले. फौजी काकांनी चटकन पुढे होऊन मोजे तेवढे हातात घेतले आणि धूळ लागू नये म्हणून जीपच्या सीटवर नेऊन ठेवले. साहेब अनवाणी उतरायला लागले.

मला मागून जायचं होतं, पेन आणि फॉर्म घेऊन. साहेब अनवाणी आणि मी बूट घालून, हे कसं दिसेल, एवढंच माझ्या डोक्यात. मी बसले, डबल गाठी सोडवल्या, शूज काढले. दगड गार होता, आणि मधोमध, जिथं सगळ्यांचे पाय पडत आलेत तिथं, ओंजळीसारखा खोलगट झालेला होता. वर्षभर मी ह्या पायऱ्या उतरत होते आणि हे मला माहीतच नव्हतं.

साहेब मोठ्यानं मोजत होते. बावीस. तेवीस. पाण्यात काहीतरी वळवळलं. मी ओरडले नाही. चाळीसनंतरच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. साहेबांनी पँट दुमडली आणि पाण्यात पाऊल घातलं. पायानं चाचपत, एका हातानं भिंत धरून. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस. पुढे त्यांचा पाय फिरत राहिला. तिथं सपाट फरशी होती.

वर कुणी हलत नव्हतं. शेळीसुद्धा.

"त्रेचाळीस," साहेब म्हणाले. "लिहा मॅडम. जुळतंय."

मी लिहिलं. त्रेचाळीस. मी तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. सर वरून मला डोळ्यांनी तेच सांगत होते. पण खडूचे आकडे घालून मोजलेली पायरी अशी कुठं जाते? माझं तोंड आपोआप उघडलं.

"साहेब... आणि ती वरची?"

फौजी काकांनी डोळे मिटले.

साहेबांनी मान वर करून पाहिलं. पाण्यात गुडघाभर उभे राहून, इतक्या खालून, जिथं त्यांनी बूट काढले होते तिथं. मग माझ्याकडे पाहिलं, एखाद्या वेडगळ प्रश्नाकडे बघावं तसं.

"ती चपलांची," ते म्हणाले. "ती कुणी मोजतं का?"

वर रसूलचाचा वाकले होते. साहेबांच्या बुटांची तोंडं त्यांनी हलकेच रस्त्याकडे वळवली. मग शेजारच्या माझ्या बुटांची.